नग की किलो

टेम्पो झोन ऑफिसच्या आवारात शिरला
तेव्हा वारा होता, फाल्गुनातला,
माळव्याच्या पठारावरून थेट इंदुरात उतरणारा.
ताडपत्री सुटली,
आणि सियागंजात जप्त केलेल्या थर्माकोलच्या प्लेटा
आमच्या आधी कार्यालयात हजर.
एक साहेबांच्या टेबलावर,
एक तुळशीच्या कुंडीत,
एक गेली सरळ रस्ता ओलांडून, जामिनावर सुटल्यासारखी.

नियमात लिहिलंय किलो.
इतक्या किलोपर्यंत इतका दंड, पुढे इतका.
आमचा काटा भंगाराचा,
पाच किलोच्या खाली तो कुणाला ओळखत नाही.
सहा गठ्ठे चढवले, माणूस झाकला जाईल एवढे.
काटा ढिम्म.
मनोहर वर चढला गठ्ठे धरायला, तर त्रेसष्ट.
मग मनोहर वजा करायचा ठरला.
मनोहर म्हणाला, ताई, आत्ताच दोन प्लेट पोहे खाल्लेत,
तेही वजा करा.

स्टुलावर बसून आमचाच चहा पीत
हशमतराय मोटवानी म्हणाले,
हवा तौल रहे हो, बेनजी.
खोटं नव्हतं.
एवढा मोठा गुन्हा
आणि जवळजवळ सगळी हवाच.

रघुवंशी साहेब फाइलीतून मान वर न करता म्हणाले,
नग लिहा.

म्हणून मोजत बसलो.
मी, आणि सफाईच्या कलाबाई आणि श्यामा,
पन्नासाचा एक थर, वर खडूची रेघ.
प्लेट प्लेटीला घासली की तो आवाज,
दाढेतून कानात जाणारा.
चार हजारांवर असताना
श्यामाला तिच्या मुलाचा फोन आला, चावी कुठेय म्हणून,
आणि आकडा गेला.
पहिल्यापासून.

दुसऱ्यांदा मोजताना हात आपोआप चालत होते
आणि मला मल्हारगंजातली मुंज आठवली,
माझ्या भावाची, अठ्ठ्याण्णव सालची.
गच्चीवर पंगत. ह्याच प्लेटा, काठावर द्राक्षांची नक्षी.
पंख्याच्या वाऱ्यानं उडायच्या,
म्हणून वाढपी येईस्तोवर
प्रत्येकानं आपापल्या प्लेटीवर बोट ठेवलेलं.
मीठ आलं, तरी बोट.
लिंबू आलं, तरी बोट.
भातावर वरण पडलं, तेव्हा कुठे सगळे मोकळे झाले.
आणि त्या रांगेत, मधोमध,
एक बोट माझ्या आईचं.
घासायला काही उरणार नव्हतं ना,
म्हणून ती बसली होती.
सगळ्यांबरोबर. पहिल्यांदा.
गरम वरणानं प्लेटीचा तळ जरासा आत ओढला गेला,
तिनं तो हातानं झाकला
आणि आणखी भात मागितला.

हे पंचनाम्यात कुठे लिहायचं?
रकाने चारच आहेत.

रात्री साडेनवाला आकडा जमला.
मोटवानींनी दंड भरला, पावती नीट घडी करून खिशात ठेवली,
जाताना गठ्ठ्यांची सुतळी परत मागितली.
सुतळीवर बंदी नव्हती. दिली.

माल राहिला.
जप्त कसा करायचा ते कायद्याला पाठ आहे,
ठेवायचा कुठे, तिथे तो खाकरतो.
मागच्या खोलीत आहे अजून.
रघुवंशी साहेबांची बदली झाली, त्यांच्यानंतरच्यांचीही.
उंदरांनी एक कोपरा कुरतडून पाहिला
आणि सोडून दिला.
चार्ज घेताना नवे साहेब दार उघडतात,
पांढरं पांढरं बघतात,
लावून घेतात.
कोपऱ्यावरचा पोहेवाला आता रद्दी पेपरावर देतो,
ते तरी चालतं का, हे त्यालाही माहीत नाही, मलाही.

त्या रात्री घरी पोचले
तर बाहीवर एक दाणा चिकटलेला,
साबुदाण्याएवढा, पांढरा.
झटकला, तो ह्या हाताला.
ह्या हातानं काढला, तो त्या हाताला.
आई बघत होती.
म्हणाली, थांब,
आणि त्याच्यावर
बोट ठेवलं.